भैयाजींच्या हाती निरोप

भैयाजी खोटं बोलत नसत, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, डिंपल म्हाताऱ्या माणसाच्या मागे लागली. ते फक्त गोड करून सांगत. आमच्या मूल गावातली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली, आणि ती एकजात टिकलेली, कारण कोणत्याही घरातलं कडू बोलणं त्यांनी दुसऱ्या घरापर्यंत कधी पोचूच दिलं नाही. इकडे कोणी म्हटलं की मुलाची आई फार कजाग आहे, तर तिकडे जाईपर्यंत त्याचं 'घराला वळण आहे' झालेलं असे. मुलगा रानोमाळ उनाडतो असं ऐकलं तर 'घरात बसून खाणाऱ्यातला नाही' असं कळे. मध्यस्थाचं कामच ते, असं त्यांचं म्हणणं. पोस्टमन जसं आलं तसं पाकीट देतो, म्हणून त्याला लग्नात कोणी आहेर करत नाही.

हे सगळं लग्नापुरतं ठीक होतं. पण त्या वर्षी भैयाजी नेटवर्कमध्ये शिरले.

झालं असं. माझ्या भावाचं, अमरभाऊचं, बसस्टँडसमोर कॉम्प्युटरचं दुकान होतं. गावात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं आणि त्या रस्त्यावरचं पहिलं कनेक्शन आमच्याकडे. रस्त्याच्या पलीकडे सादिकभाईचं दुकान. तो आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, मग कॉम्प्युटरकडे वळला. दोघं शाळेपासूनचे दोस्त, त्यामुळे एकच इंटरनेट दोघांनी वापरायचं ठरलं. आमच्या दुकानाच्या कोपऱ्यात एक जुनं, झाकण नसलेलं कॉम्प्युटर राउटर म्हणून बसवलं. त्यात राउटरचं सॉफ्टवेअर, आणि तीन नेटवर्क कार्डं. एक टेलिफोनच्या मोडेमकडे, एक आमच्या दुकानाकडे, आणि तिसऱ्यातून निघालेली केबल खांबावरून, लिंबाच्या फांदीवरून रस्ता ओलांडून सादिकभाईच्या दुकानात जायची.

मी सकाळी त्याच दुकानात पोरींना कॉम्प्युटर शिकवायची, त्यामुळे त्या राउटरशी माझी चांगली ओळख होती. काळा पडदा, माऊस नाही, जे सांगायचं ते टाइप करून. कार्डाला कामाला लावणारा जो छोटा प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्या ड्रायव्हरला दोन गोष्टी कळाव्या लागतात. वेग किती, दहा की शंभर. आणि बोलणं कसं, हाफ की फुल. फुल म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतील आणि ऐकतीलही. हाफ म्हणजे एक बोलत असेल तेव्हा दुसऱ्याने गप्प बसायचं. बहुतेक कार्डं हे आपापसात ठरवून घेतात, माणसाला मध्ये पडावं लागत नाही. एखादी जोडी मात्र अडेल निघते, तेव्हा दोन्हीकडे हाताने लिहून द्यावं लागतं, आणि दोन्हीकडे एकच लिहावं लागतं. एवढीच काय ती अट.

आता या दोन दोस्तांमध्ये उन्हाळ्यात अबोला सुरू झाला. कारण विचाराल तर हसाल. अमरभाऊ भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाला की सादिक केबलच्या टोकाला तारा रंगांच्या ठरलेल्या क्रमाने नाही, स्वतःच्या आवडीने लावतो. सादिकभाई म्हणाला, तुझ्या राउटरपेक्षा आमच्या अम्मीचा पाटा-वरवंटा जास्त चालतो. झालं. दोघं एकाच टपरीवर चहा प्यायचे, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे आणि मधे बसलेल्या भैयाजींना सांगायचे, 'त्याले सांगा, नेट धीमं चालून राह्यलं.' तो तिथेच बसलेला असायचा, ऐकतही असायचा, पण भैयाजींनी मान वळवून पुन्हा सांगेपर्यंत त्याला ऐकू येत नसे. बायकामुलं असलेले दोन बाप्ये हे. मी एकदा म्हटलं की दोघांना एकेक पाटी घेऊन द्या, तर भाऊ दिवसभर माझ्याशीही बोलला नाही.

त्यातच माझं स्थळ आलं. स्वप्निल, कोरपन्याचा, आमच्याच समाजातला. वडील सिमेंट कारखान्यात, मुलगा बंगलोरला. आईवडील येऊन मला पाहून गेले. ती दोघं इतकी गप्प होती की पोह्यांचा आवाज मोठा वाटला. बोलले ते फक्त भैयाजी. मुलगा बंगलोरात इंजिनिअर आहे म्हणाले. आणि मुलीच्या नोकरीबद्दल मुलगा काय म्हणाला, असं मी स्वतः विचारलं तेव्हा भैयाजी म्हणाले, 'खुशाल करू दे म्हणते. त्याची काईच हरकत नाई.'

बाबा खूश. माझे बाबा मनसाराम, तलावावरच्या मच्छीमार सोसायटीतले, जाळ्यात काय आलंय ते ओढण्याच्या वजनावरून सांगणारे. पण भैयाजींचं बोलणं त्यांनी कधी उचलून पाहिलं नाही. मला मात्र ते उत्तर मुलाच्या तोंडून ऐकायचं होतं. मी हट्ट धरला की बोलल्याशिवाय होकार देणार नाही. त्याला दिवाळीपर्यंत सुट्टी नव्हती. त्याचा मोबाइल नंबर भैयाजींच्या खिशात होता, आणि ठरल्याशिवाय मुलीकडे नंबर द्यायचा नाही ही त्यांची रीत. शेवटी आईनेच तोडगा काढला की ते कॅमेऱ्यावर बोलतात तसं बोलू द्या पोरीला.

कॅमेरा सादिकभाईकडे. आमच्या दुकानात तर दिवसभर गेम खेळणारी पोरं, तिथे मला कोण बसवणार? सादिकभाईचं दुकान घराच्या पुढच्या पडवीत, आत पडद्याची केबिन, मागे त्याची आई शमसुन्निसा खाला. मी त्या अंगणात लहानाची मोठी झालेली. भावाशी अबोला असला तरी माझ्या कामाला सादिकभाईने नाही म्हटलं नाही. उलट केबिनला नवा पडदा लावला.

पण रविवार जवळ आला आणि विजेच्या एका झटक्यात त्याचं चांगलं कार्ड गेलं. त्याने माळ्यावरून एक म्हातारं कार्ड काढलं, दहाच्या वेगाचं, ज्याला हाफशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. ते आमच्या राउटरशी जुळेना. दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. तेव्हा त्याने भैयाजींबरोबर निरोप धाडला की राउटरवर माझ्या लाइनच्या कार्डाचा वेग आणि बोलणं हाताने लिहून दे. भैयाजी रस्ता ओलांडून आले, भावाने ऐकलं, टाइप केलं, आणि दिवा स्थिर झाला. पलीकडे सादिकभाईने एक पान उघडून पाहिलं, उघडलं. दोघंही आपापल्या जागी समाधानी.

रविवारी दुपारी आम्ही सगळे सादिकभाईकडे. केबिनमध्ये मी, आईच्या अंजिरी साडीत. खालांनी मनगटाला अत्तर लावलं. पडद्यामागे बाबा, आई, आणि दारात भैयाजी, नवं धोतर नेसून. चार वाजता लाइट जाणार हे गावाला पाठ होतं, म्हणून सगळ्यांचा जीव अर्धा घड्याळात.

स्वप्निल दिसला. चांगला दिसला, उगाच कशाला नाही म्हणू. कान जरा मोठे. त्याने विचारलं, आवाज येतो का? मी म्हटलं, येतो. आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून तो तिथेच थिजला. काही वेळाने पुन्हा हलला, म्हणाला, तुम्ही काही बोलला का? मी म्हटलं, हो, येतो म्हटलं. पुन्हा थिजला. असं चाललं. मी गप्प असले की तो स्वच्छ दिसे, पापण्यासुद्धा हलताना दिसत. मी तोंड उघडलं की त्याचे तुकडे होत. त्याला माझं एक अक्षर पोचत नव्हतं. टाइप करून विचारता आलं असतं, पण उत्तर देताना मला त्याचा चेहरा पाहायचा होता.

तेवढ्यात बाहेर भैयाजींचा आवाज. मोबाइलवर कोरपन्याला सांगत होते, 'लय गुणी पोरगी. पोराच्या समोर तोंडच उघडत नाई. बस हासून राह्यली.'

माझं डोकं फिरलं. मी हसत नव्हते, मी घसा फोडून बोलत होते. त्यात बाबा म्हणाले की पोरगा पाहून झाला, दिसायला बरा आहे, आता होकार देऊन टाकू, लाइट जाईल. म्हणजे माझं सगळं आयुष्य ठरणार आणि त्यात माझा एक शब्द नसणार. मी उठले. साडीचा घोळ उचलला आणि भर दुपारी, अत्तर लावून, सजूनधजून रस्ता ओलांडला. टपरीवरचे सगळे पाहत होते. पाहोत.

भाऊ गल्ल्यावर होता. त्याला न विचारता मी राउटरसमोर बसले आणि तिसऱ्या कार्डाची माहिती मागवली. वेग दहा, बरोबर. बोलणं फुल. आणि खाली चुकांचा आकडा, पाहता पाहता वर चढणारा. इकडचं टोक फुल असल्यामुळे समोरचं बोलतंय की नाही हे न पाहता बोलत सुटलं होतं, आणि तिकडचं जुनं कार्ड बिचारं दर वेळी दचकून मागे हटत होतं. मी गप्प असताना सगळं ठीक चालायचं ते याच्यामुळे.

मी भावाला विचारलं, फुल कोणी सांगितलं? तो म्हणाला, भैयाजींनी, आणि त्यात काय चुकलं? मी म्हटलं, सादिकभाईला विचार. त्याचा चेहरा पडला. स्वतःच्या तोंडाने? मी म्हटलं, हो, आहे ना तुला ते. तो हलेना. मग मात्र माझे डोळे भरून आले, रागानेच आले, पण त्याला वाटलं मी रडते. तो उठून पायरीवर गेला. पलीकडे सादिकभाईही पायरीवर येऊन उभा होता. मधून धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत दोघं थांबले.

'कार्ड कोणतं हाये बे तुह्याकडं?' भाऊ ओरडला.

'दहावालं. पुराना. हाफच चालते त्याच्यावर,' सादिकभाई म्हणाला. 'मी हाफच सांगतलं होतं.'

आणि दोघांनी एकदम भैयाजींकडे पाहिलं. भैयाजी माझ्यामागून निघालेले, रस्त्याच्या मधोमध, छत्री घेऊन. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, दुखावलेपण होतं.

'मंग काय करू?' ते म्हणाले. 'पोरीच्या लग्नाचं काम, अन् मी अर्धं मागत येऊ काय? तुमचं अगोदरच पटून नाई राह्यलं. हा त्याले हाफ म्हणते हे सांगतलं असतं तर त्याले राग आला असता. म्हणून म्या फुल सांगतलं. तुमच्या भल्यासाठीच.'

सादिकभाई आधी हसला. मग भाऊ. टपरीवर कोणीतरी चहा सांडला. मलाही हसू फुटलं, आणि हसता हसताच एक विचार आला. ज्या माणसाला एक हाफ रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तसाच नेता आला नाही, त्याने कोरपन्याहून माझ्यासाठी काय काय आणलं असेल? आणि इथून माझं काय नेलं असेल?

भावाने हाफ टाइप केलं. चुकांचा आकडा जागच्या जागी थांबला. मी परत केबिनमध्ये आले आणि पडद्यामागे कोण कोण आहे याचा विचार न करता विचारलं, 'भैयाजींनी माझ्याबद्दल काय सांगितलं तुम्हाला?'

या वेळी तो थिजला नाही. खरंच विचार करत होता. त्याने सांगितलं की मुलगी कॉम्प्युटर शिकवते, पण लग्न ठरलं की सोडून देणार आहे, तसं ती स्वतःच म्हणाली, असं कळवलं होतं. मी म्हटलं, मी असं सात जन्मांत म्हटलेलं नाही. आणि तुम्ही म्हणालात ना, खुशाल करू दे?

तो म्हणाला, 'मले कोणी विचारलंच नाई.'

एवढं साधं वाक्य होतं, पण मला फार बरं वाटलं. त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा कोणीतरी काही न लावता बोललं होतं. मग त्याला धीर आला असावा. म्हणाला, इंजिनिअर मी नाही. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत फिटर आहे, तोही शिकाऊ, अजून कायम झालेलो नाही. तिघं मिळून एका खोलीत राहतो. पडद्यामागे बाबांचा खाकरण्याचा आवाज आला, आणि मग खुर्ची सरकल्याचा. मी मागे पाहिलं नाही. मी माझं सांगितलं. नोकरी सोडणार नाही, तिथेही शोधीन. मला लवकर राग येतो. कोळ्याच्या घरची असून मासे मला नीट करता येत नाहीत, काटे राहतात.

तो म्हणाला, रागाचं भैयाजी म्हणाले होते, पोरगी तेजस्वी आहे. आणि हसला. मग म्हणाला, 'नोकरी सोडू नका. बंगलोरात खोलीत बसून माणूस येडं होते, मी पाह्यलं. पण मी हा असा. तुम्हाले चालन काय?'

आणि लाइट गेली.

केबिनमध्ये अंधार. बाबा पडदा सारून आत आले, म्हणाले, 'इंजिनिअर नाई म्हणते तो.' मी म्हटलं, ऐकलं मी. 'मंग?' मी म्हटलं, बाबा, जाळं तुम्ही वजनावरून ओळखता. हा माणूस जेवढा आहे तेवढाच बोलला. बाबा उभेच राहिले. मग भैयाजींनी आपलं ठेवणीतलं काम सुरू केलं. मोबाइल काढला, घसा साफ केला, आणि बाबांना विचारलं की कोरपन्याला काय कळवू. त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं, त्यांनी मनातल्या मनात गोड करायला घेतलंसुद्धा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. भैयाजींकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे सादिकभाई आणि भाऊ राउटरच्या पेटीत दोघांची डोकी एकत्र घालून कशावरून तरी पुन्हा वाद घालत होते, तिकडेही पाहिलं. आणि म्हणाले, 'फोन तिच्या हातात द्या.'

आमच्याकडे नवरीने स्वतः होणाऱ्या सासूला फोन करून होकार कळवणं कोणी पाहिलं नव्हतं. भैयाजींनी फोन दिला तो जणू दागिना काढून दिल्यासारखा. पलीकडे स्वप्निलच्या आईने उचलला, रुखमाबाईंनी. मी नाव सांगितलं आणि थांबले तर बोलताच येणार नाही म्हणून भराभर बोलून टाकलं. म्हटलं, तुमचा मुलगा फिटर आहे, हे मला त्याने सांगितलं. मी नोकरी सोडणार नाही, हे मी त्याला सांगितलं. मला राग येतो आणि मी गप्प बसत नाही. तो मला पसंत आहे. हे सगळं भैयाजींकडून तुम्हाला वेगळं कळू नये म्हणून मीच सांगते आहे.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. खालांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग रुखमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओला होता, 'आत्ता भैयाजीनं सांगतलं का पोरगी तोंडच उघडत नाई. तेव्हापासून मी रडून राह्यली व माय. आमच्या घरी बाप मुका, लेक मुका. लगन होऊन आली तेव्हापासून मी चुलीशीच बोलून राह्यली. एक बोलणारी पाहिजे होती मले घरात.'

मी फोन कानाशी धरून खाली बसले. चुलीला आजवर सांगितलेलं सगळं त्या मला सांगू लागल्या, आणि भैयाजींच्या मोबाइलचा बॅलन्स संपेपर्यंत सांगत राहिल्या.